वाघाच्या डोळ्यातलं तीर्थ

धामणखेडात त्या दिवशी अडीच-तीनशे माणूस जमलं होतं आणि सगळंच्या सगळं एका मेलेल्या वाघाच्या तोंडाकडे बघत होतं. मारुतीच्या पाराशेजारी मांडव घातलेला, मांडवात उंच ओटा, ओट्यावर वाघ. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूच्या माळा, पुढ्यात पितळी ताटलीत नैवेद्याचा गूळ. जानराव भगत डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि त्यानं वाघाच्या मस्तकावर तांब्याची धार धरली. थोड्या वेळानं वाघाच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक थेंब जमला आणि गालावरून ओघळला.

"रडला! शालिकराम रडला!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. जानरावानं हनुवटीखाली वाटी धरली.

"पाहून घ्या, बाप्पा, पाहून घ्या!" तो ओरडत होता. "मेलेलं जनावर रडते का कुठं? शालिकरामाले वाघानं खाल्लं, आता थो वाघातच राहून राह्यला! अन् हा गूळ पाहा. महिन्याचा गूळ आहे, एक मुंगी लागली का? मुंगीलेबी देव समजते, मानसालेच समजत नाही!"

लोकांनी माना डोलावल्या. मुंगीपेक्षा कमी अकलेचं ठरायला कोण तयार होणार?

मी गर्दीच्या कडेला, ओट्याच्या पायरीपासून दहा हात लांब उभा होतो. आमच्या जातीच्या माणसाला त्या पायरीला पाय लावायची बंदी होती. आणि गंमत म्हणजे ओट्यावरचा तो देव मीच बनवला होता. त्याच्या मिशीचा एकेक केस माझ्या चिमट्यानं बसवलेला.

मी चंद्रभान. मेलेल्या जनावरात कुटार, म्हणजे भुसा, भरून त्याला जिवंतासारखं उभं करणं हा माझा धंदा. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मेळघाटात साहेबलोकांनी मारलेल्या जनावरांची कातडी मिठात घालून अमरावतीला माझ्याकडे येत. नागपूरला एका म्हाताऱ्या पारशी उस्तादाच्या हाताखाली मी नऊ वर्षं घासली होती. कातडं भिजवायचं, आतली चरबी खरवडायची, मीठ धुऊन काढायचं, तुरटीत मुरवायचं आणि मग आतल्या अंगाला सोमलाचा साबण चोळायचा. सोमल म्हणजे जहर. ते चोळलं नाही तर वर्षभरात कीड सगळं कातडं फस्त करते. मग लाकडाच्या फळ्या, लोखंडाचे गज, त्यांवर सुतळीनं आवळलेलं ज्वारीचं कुटार, तोंडाला चिकणमाती, आणि सगळ्यात शेवटी कलकत्त्याहून मागवलेले काचेचे डोळे.

डोळा बसेपर्यंत ते नुसतं कातडं असतं. डोळा बसला की ते आपल्याकडे बघायला लागतं. भुताखेतावर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी डोळे बसवलेल्या जनावराकडे पाठ करून मी उभ्या जन्मात कधी जेवलो नाही, हेही कबूल करतो.

या वाघाची हकिकत अशी. धामणखेडचा शालिकराम माळी तोंडल्याच्या मांडवाला बांबू आणायला बैलबंडी घेऊन मेळघाटाकडे गेला. परत आली ती नुसती बंडी. महिन्याभरात एका साहेबानं तिथला वाघ मारला आणि माझ्याकडे धाडला. साहेबाची बदली निघाली होती. "पंधरा दिवसांत पाहिजे," म्हणाला. मीठ नीट धुवायला सात पाणी लागतात. मी तीन पाण्यांत उरकलं. शेवटी साहेबाला वाघ नेता आलाच नाही. जाताना त्यानं तो धामणखेडच्या उत्तमराव पाटलांना देऊन टाकला आणि पाटलांनी तो ओसरीत मांडला. श्रावणात झड लागली आणि एका सकाळी वाघाच्या डोळ्यांना पाणी आलं. तिसऱ्या दिवशी कुठूनसा जानराव भगत उगवला आणि वाघ ओसरीतून पाराशेजारच्या मांडवात गेला.

मला ही बातमी दसऱ्याच्या सुमाराला अमरावतीच्या भाजीबाजारात कळली. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. माझा वाघ रडतो! मी तसाच उठून बघायला आलो होतो.

गर्दी पांगली तेव्हा शालिकरामची बायको वच्छला ओट्याशी बसून वाघाशी बोलत होती. नवरा मळ्यातून आल्यावर बाई बोलते तसं साधं बोलणं.

"वांगे उपटले आज. मेथी टाकतो म्हनते तिथं. शकुन दोन दिवसांपासून जेवून नाही राह्यली. पायाले मुंग्या येते म्हनते. तुमचं तीर्थ तं रोज पाजतो तिले. तुमी पाह्यता ना तिच्याकडे?"

पाच वर्षांची शकुन तिच्या मांडीवर पडली होती. वाघ दोघींकडे बघत होता. ते डोळे मी स्वतःच्या बोटांनी बसवले होते, पण त्या वेळी मला त्यांची भीती वाटली.

तेवढ्यात शालिकरामची म्हातारी आई, गोदाबाई, काठी टेकत माझ्याकडे आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"तुमीच बनवला ना बापा हा वाघ?"

"हाव माय."

"खरं सांगा. बनवतानी माहा शालिक दिसला का तुमाले त्याच्यात?"

म्हातारीचे डोळे अधू झालेले. चेहरा वर करून ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. नाही माय, कुटार आहे त्यात, एवढंच मला म्हणायचं होतं.

"हाव माय," मी म्हणालो. "दिसला."

दया आली म्हणून म्हणालो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण तीनशे माणसं माझ्या हातच्या कामापुढे हात जोडून उभी होती आणि ते मला गोड लागलं होतं, हे त्याहून खरं.

म्हातारीचं तोंड उजळलं. जानरावाचे कान तिखट. "ऐका हो! कारागीर सोता साक्ष देते!" असं ओरडतच तो आला आणि त्यानं वाटीतलं पाणी म्हातारीच्या ओंजळीत ओतलं. तिनं ते पिऊन टाकलं. उरलेलं तिनं शकुनला पाजलं.

ते पाणी माझ्या सोमलावरून वाहत आलेलं होतं. एवढ्याशा पाण्यात किती उतरणार, असं मनाशी म्हणालो. साक्ष आत्ताच दिलेली, ती कशी फिरवायची? मी घरी निघून आलो.

त्यानंतरचे दिवस माझे मलाच माहीत. कामाला बसलो की म्हातारी समोर येऊन विचारायची, दिसला का बापा? एका बिबट्याचे डोळे बसवायचे होते, ते बसवायला हात धजेना. डोळ्यांची पेटी मी फडक्यात गुंडाळून फळीवर टाकली. दुपारी घरात एकटं बसवेना म्हणून रस्त्यावर येऊन उभा राहायचो.

बाराव्या दिवशी भाजीबाजारात धामणखेडची एक माळीण भेटली. "गोदाबाई गेली," ती म्हणाली. "उलट्या अन् जुलाब. जानरावभाऊ म्हनते, पोरानं मायले बोलावून घेतलं. आता शकुनच्या पायात वाघ शिरून राह्यला, तिले उभंच राहता येत नाही. अमावस्येपर्यंत दोन वक्त तीर्थ सांगतलं."

पायाला मुंग्या, उलट्या, मग पाय लुळे पडणं. माझा पारशी उस्ताद असाच गेला होता. पस्तीस वर्षं सोमल हाताळून त्याचे पाय गेले होते. ही पोर तर तो पीत होती. मी घरी गेलो, सुरी घेतली, बंडी जुंपली आणि वाटेत निळीची एक पुडी घेतली.

मांडव गच्च भरलेला होता. मला बघताच जानराव खूश झाला. "या, या! आपला साक्षीदार आला!"

"साक्ष फिरवाले आलो मी," मी मोठ्यानं म्हणालो. "थ्या दिवशी मी खोटं बोललो. वाघात कोनी नाही. पानी पाजू नका पोरीले, जहर आहे थे."

एकच गलका उडाला. मी पायरीकडे निघालो तसे उत्तमराव पाटील आडवे आले. "चंद्रभान, पायरीवर पाय ठेवू नको. सांगून ठेवतो."

"येऊ द्या त्याले वर."

वच्छला उभी राहिली होती. शकुन तिच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. "माह्या सासूले त्यानंच सांगतलं होतं. आता मलेबी सांगू द्या." ती बाजूला सरकली आणि तिनं मला ओट्यावर जागा करून दिली. मी वर चढलो.

मी आधी आत काय आहे ते बोलून दाखवलं. पायांत गज, शेपटात बांबूची कांब, पोटात ज्वारीचं कुटार, त्यावर माझ्या सुतळीचे वेढे. "यातलं एक जरी चुकलं तं मले इथंच गाडा."

मग तांब्यातल्या पाण्यात नीळ कालवली आणि वाघाच्या उजव्या कानामागे हळूहळू ओतली. डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब जमला, गालावर उतरला. थेंब निळाशार होता.

"शालिकराम निळा रडते का?" मी विचारलं. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

"तुमच्या घरच्या मिठाच्या मडक्याले पावसाळ्यात पानी सुटते ना? श्रावनात तसंच झालं. मी कातड्यातलं मीठ नीट धुतलं नाही. चुकी माही. झड सरली, मीठ सुकलं, रडनं थांबलं. मग हे पाहा." मी कानामागची लव बाजूला केली. "जुना टाका उसवला तं दोरा झिजून तुटते. हा सुरीनं सरळ कापेल आहे. इथून पानी आत जाते अन् डोळ्यापाशी बाहेर येते. वाटेत माहा सोमल धुऊन आनते."

"मंग मुंग्या?" मागून एक म्हातारा ओरडला. "मुंग्या काहून नाही येत गुळाले?"

मी ताटली उचलली. खाली फळीच्या फटीत काळा थर साचला होता. बोटानं उकरून मी तो तळहातावर घेतला आणि लोकांपुढे धरला. सगळ्या मेलेल्या मुंग्या; वाघाच्या गालावरून गळलेलं सोमलाचं पाणी पुढ्यातल्या गुळात मुरलं होतं. वरच्या जानराव रोज सकाळी झाडून टाकत होता, फटीतल्या राहून गेल्या होत्या.

मग मी पोटाची शिवण सुरीनं फाडली. कुटार भसाभसा ओट्यावर पडलं. तो वाघ माझ्या हातचं सगळ्यात देखणं काम होतं.

जानराव हार मानणारा नव्हता. "देव गेला!" त्यानं छाती पिटली. "या मानसानं शिवल्याबरोबर देव निघून गेला! आता कुटारच दिसन! पाप केलं यानं, गावावर कोप होईन!"

आणि गर्दी फिरली. निळा थेंब बघितलेली, मुंग्या बघितलेली तीच माणसं. कुणीतरी काठी उचलली. पाटील माझ्या दंडाला धरायला पुढे झाले.

"थांबा," वच्छला म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "जानरावभाऊ, मले एक सांगा. माहा मानूस या वाघात होता म्हनता. थो पोरीले खांद्यावर घेऊन मळ्यात फिरे. तिच्या पायात काटा रुतला तं सोता रडे. थो जर यात असता, तं आपल्या लेकराले जहर पाजलं असतं का त्यानं? आपल्या मायले मारलं असतं का?"

जानरावानं पाटलांकडे पाहिलं.

"थो नव्हता यात," ती लोकांकडे वळून म्हणाली. "थो मेला. मलेच तसं म्हनवत नव्हतं." तिनं वाटी उचलली, पालथी केली आणि शकुनला पदरात घेऊन पायऱ्या उतरली. काठीवाल्यानं काठी खाली घेतली.

"बंडी आहे ना तुमची?" तिनं मला विचारलं.

आम्ही अमरावतीला सरकारी दवाखान्याच्या वाटेला लागलो. वाटेत मी बैल हाकत होतो आणि ती पोरीचे पाय चोळत होती. मान वर न करता ती बोलली.

"थ्या दिवशी तुमी नाही म्हटलं असतं, तं सासू आज असती."

"हाव," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शकुन वाचली. संक्रांतीला भिंतीला धरून उभी राहिली, होळीपर्यंत चालायला लागली. वाघ आम्ही विहिरीपासून लांब खोल खड्डा खणून पुरला, कुटारासकट. जानराव दर्यापूरकडे गेला. तिकडे म्हणे त्याला बोलणारी विहीर सापडली. तिकडच्या लोकांना मी निरोप धाडला. मानला की नाही, ठाऊक नाही.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. कुठे दगडाला घाम आला, लाकूड रडलं असं ऐकलंत तर हात जोडायच्या आधी विचारा, हे बनवलं कुणी, कशाचं, आत काय आहे? ज्यानं बनवलं त्याला वर बोलवा, मग तो कुठल्याही जातीचा असो. पोरगं आजारी असेल तर दवाखाना गाठा. आणि तुम्हाला खरं ठाऊक असेल, तर समोरच्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नका. गोदाबाईला मी 'हाव माय' म्हणालो तेव्हा तिला खरंच फार बरं वाटलं होतं.