जागेवर राहणारं पाणी

टेबलावर तीन पासपोर्ट होते, उन्हाच्या तीन टोप्या, बॅगांची दोन नवी कुलपं, औषधांची एक पिशवी आणि चार टॉवेल. मुलीने टॉवेल पुन्हा मोजले. जाणारे तिघेच होते.

"आई, चार कशाला?"

"असू दे एक जास्तीचा." शिलाई मशीनवरून आईने मान वर केली नाही. "एक ओला झाला की माझ्याच नावाने शंख कराल."

मुलीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी औषधांच्या पिशवीची चेन उघडली आणि परत लावली.

तिकिटं मात्र टेबलावर नव्हती, कारण ती काढलेलीच नव्हती. मुलीने तीन जागा राखून ठेवल्या होत्या. उद्या संध्याकाळपर्यंत नक्की केलं नाही, तर त्या जाणार होत्या. बाबा 'हो' म्हणून मोकळे झाले होते. आई आठवडाभर 'बघू' म्हणत होती.

बाबा बंदरात भरती मोजायचं काम करत. धक्क्याच्या टोकाला त्यांची छोटी खोली होती. खोलीखालच्या विहिरीत समुद्राचं पाणी यायचं, त्यावर एक तरंगता गोळा असायचा, आणि तो वर-खाली झाला की फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर पेन रेघ काढायचं. तीस वर्षं त्यांनी ती रेघ सांभाळली होती. गावात त्यांना सगळे भरतीवाले म्हणत. "काय भरतीवाले, आज पाण्याला सुट्टी आहे का?" असं रोज कुणीतरी विचारायचं, आणि ते रोज हसायचे.

घरात मात्र अकरा वर्षं भरती हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. समुद्राकडची खिडकी बंद होती. आईचं मशीन तिच्याकडे पाठ करून ठेवलेलं होतं. तरीही पाणी पूर्ण चढलं की आईला कळायचं. होड्यांचे दोर आवळून करकरायचे, हवेतला चिखलाचा वास नाहीसा व्हायचा, आणि चालू शिवणीच्या मध्येच तिचा पाय मशीनच्या पायडलवर थांबायचा. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू व्हायचं. रोज ही वेळ थोडी पुढे सरकायची आणि मशीनचं थांबणंही तिच्याबरोबर सरकायचं. मुलगी शाळेत होती तेव्हापासून हे बघत आली होती. त्याबद्दल कधी कुणी कुणाला विचारलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी तिचा दादा एकोणीसचा होता. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या एका खडकावर तो गळ घेऊन गेला. खडक उंच होता, पण खडक आणि किनारा यांच्यामधली वाळू खोल होती. चढणारं पाणी आधी मागून भरलं. तो परतला नाही. बाबा त्या दुपारी कामावरच होते. त्यांच्यासमोर पेन वर चढत होतं, नेहमीसारखं, न थरथरता.

भूमध्य समुद्र मुलीनेच शोधला होता. तिथे काठावरच्या एका लहान गावात पायऱ्या थेट पाण्यात उतरणारं एक घर भाड्याने मिळत होतं. बाबांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती.

"त्या समुद्राला भरती जवळजवळ नसतेच," बाबा पहिल्या दिवशी म्हणाले होते, आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी आईकडे पाहिलं. मग हळू आवाजात त्यांनी पुढचं सांगितलं. "महासागराला जोडणारं त्याचं तोंड अरुंद आहे. बाहेरची भरती आत शिरेपर्यंत उतरायची वेळ होते. जन्मभर मी पळणारं पाणी मोजलं गं. एकदा जागेवर राहणारं बघायचंय."

"कुणी सांगितलं जागेवर राहतं म्हणून?" आई म्हणाली.

"तक्ते असतात. छापील."

"तक्ता तेव्हाही होता. त्या दाराच्या मागे, खिळ्याला."

बाबा चपला घालून कामावर गेले.

आठवडाभर 'बघू' म्हटल्यावर आईने मुलीला जवळ बोलावलं. "तुझी ती घरमालकीण आहे ना तिकडची, तिला सांग, शिंप्याकडचा टेप पायरीला बांध आणि पाण्यात सोड. दिवसभर फोटो पाठव म्हणावं. टेपवर दिसलं तर मानेन."

"आई, ती मला वेडी समजेल."

"समजू दे. आपल्याला काय तिच्या घरी सोयरीक करायचीय?"

घरमालकीण म्हातारी होती आणि हौशी होती. फोनवर तिचा निरोप भाषांतर होऊन आला: आमच्या समुद्राला कुठे जायचं असतं, तो कालही इथेच होता, पण टेप बांधते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, फोटो येत राहिले. दगडी पायरी, लोखंडी कड्याला बांधलेला पिवळा टेप, खाली इतकं स्वच्छ पाणी की तळाचे गोटे दिसत होते. एका फोटोत म्हातारीच्या चपला होत्या, एकात तिचं मांजर. आईने चष्मा लावला, फोटो मोठे करून टेपवरचे आकडे वाचले, सर्वांत वरच्या आकड्यातून सर्वांत खालचा वजा केला.

"अठरा," ती म्हणाली.

"सेंटिमीटर," मुलगी म्हणाली. "एवढंच, आई. एक वीतसुद्धा नाही."

आईने फोन खाली ठेवला. "तिथलं कळलं," ती म्हणाली. "इथलं मी कुठे बघितलंय?"

तिने खण उघडला. आतून तीन टेप काढले, टोकाला टोक लावलं आणि जोडांवर मशीन मारलं. दोन्ही जोडांवर आकडा अचूक जुळतोय का ते पट्टीने तपासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा निघायच्या वेळी, ती टेपची गुंडाळी आणि टेबलावरचा चौथा टॉवेल घेऊन दारात उभी राहिली.

"आज सगळ्यात खाली कधी असतं?" तिने विचारलं.

बाबांच्या हातातली किल्ली तशीच राहिली. "आत्ताच. अर्ध्या तासात," ते म्हणाले.

धक्क्यावर दोर दुरुस्त करणाऱ्या माणसाने त्यांना बघितलं. "काय भरतीवाले, आज जोडीने ड्यूटी?" तो म्हणाला आणि आईचा चेहरा बघून पुन्हा दोरात डोकं घातलं.

ओहोटीने पायऱ्या खालपर्यंत उघड्या पाडल्या होत्या. बाबांनी टेपचं टोक दगडाला बांधून पाण्याच्या पातळीवर, शेवटच्या पायरीला टेकवलं. वरचं टोक कठड्याला ताणून बांधलं. आईने पायरीवर टॉवेल अंथरला. दोघं त्यावर बसली.

"तुम्ही जा खोलीत. काम असेल."

"पेन आपोआप चालतं," बाबा म्हणाले. ते उठले नाहीत.

पाणी चढताना दिसत नव्हतं. एवढंच की पायाखालची पायरी कोरडी होती आणि मग नव्हती. दोघं एक पायरी वर सरकायची, टॉवेल ओढून घ्यायची. टॉवेलची कडा भिजली, मग अर्धा भिजला. आईने तो पिळला नाही.

"एवढं सावकाश चढतं?" बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

"सुरुवातीला. मधल्या वेळात जोर धरतं."

"आणि आवाज नाही."

"नाही."

दूर पाण्यात तोच खडक होता. त्याच्या मागची वाळू केव्हाच दिसेनाशी झाली होती. खडक मात्र अजून बराच वर होता, त्यावर एक पक्षी बसला होता.

"तिथे बसलेल्याला कळणार नाही," आई म्हणाली.

"मागे वळून बघितलं तरच."

"मला वाटायचं, मोठी लाट आली असेल. मोठा आवाज झाला असेल, आणि तुम्ही ऐकला नसेल." ती पाण्याकडे बघत होती. "अकरा वर्षं तुमच्याकडे बघितलं की मला तो आवाज यायचा."

बाबांनी गुडघ्यावरचे हात एकमेकांत घट्ट धरले. "आवाज झाला असता तर मी धावलो असतो गं," ते म्हणाले.

"हो," आई म्हणाली.

पुढच्या पायरीवर पाणी आलं, तेव्हा तिने त्यांच्या कोपराला धरून उठायला मदत केली.

दुपार झाली. मुलगी दोघांचा डबा घेऊन आली आणि वरच्या पायरीवरच थांबली. टेपचे दोन्ही जोड पाण्याखाली गेले होते. होड्यांचे दोर आवळले होते. चिखलाचा वास गेला होता. बाबांनी खोलीत एक फेरी मारली आणि परत येऊन म्हणाले, "थांबलं. आता उतरेल."

"तिथे अठरा ना?" आईने मुलीला विचारलं.

"अठरा."

"काढ तिकिटं. तिघांची."

आई उकिडवी बसली, पाण्यालगत टेपवर अंगठ्याचं नख रोवलं आणि चष्मा वर सरकवून आकडा वाचला.

तीन मीटर बेचाळीस सेंटिमीटर.