हँडल नसलेला भोंगा

मित्रांनो, ज्याचा आवाज त्याच्याच वस्तीत पुढे जन्मलेल्या मुलांना ठाऊक नव्हता, असा मी एक जुना भोंगा आहे. नाशिकमध्ये नासर्डी नदीच्या काठावर आमची वस्ती आहे. तिथल्या समाजमंदिराच्या गच्चीवर मी उभा असतो.

एका लहानशा कारखान्यात लोखंड आणि पत्रा जोडून मला घडवलं. मला वीज लागत नाही. हँडल गरागरा फिरवलं की मी असा ओरडतो की पलीकडच्या काठावरची कुत्रीही उठून बसतात. एका मोठ्या पुरानंतर, पुढच्या पुराचा इशारा द्यायला, वस्तीने मला हौसेने आणलं. हार घातला, पेढे वाटले. मुलांनी मात्र मला फिरवून फिरवून नकोसं केलं. वस्तीच्या समितीचे अध्यक्ष बुद्धभूषणकाका वैतागले. "खेळणं आहे का रे हे?" म्हणत त्यांनी माझं हँडल काढलं आणि स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवलं.

तेव्हापासून मी मुका झालो. कबुतरांनी माझ्या तोंडात काड्या आणल्या. माझ्या पायाला दोरी बांधून गोधड्या वाळू लागल्या. पाऊस आला की बायका धावत येऊन गोधड्या घेऊन जात. मी तिथेच भिजत राही.

गेल्या पावसाळ्यात गोदावरीला पूर आला. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, यावर आम्ही नाशिककर पूर मोजतो. तो बघायला बरेच जण घाटावर निघाले.

"काका, इथे नासर्डी चढतेय हो," समाजमंदिराला लागून तळमजल्यावर राहणारी स्नेहा म्हणाली. तिच्या सासूबाईंचा, लताबाईंचा, पाय प्लास्टरमध्ये होता.

"अगं, मारुतीच्या अजून गुडघ्यालाच आहे. कंबरेला लागलं की बघू!" काका हसले आणि अर्धी वस्ती घेऊन गेले.

नासर्डी काही मारुतीला विचारून चढत नाही. थोड्याच वेळात पाणी स्नेहाच्या उंबऱ्याच्या आत शिरलं. एकटीने सासूला उचलणं तिला जमेना. फोन कुणी घेईना. आतून लताबाई ओरडत होत्या, "तू जा गं वर! मी काय, तरंगेन!"

स्नेहा धापा टाकत माझ्याकडे आली. माझ्या कुशीत हँडलची नुसती खाच होती. तिने तिथे बोटं घालून पाहिली. मित्रांनो, त्या क्षणाइतका एकटा मी कधीच नव्हतो. मग तिने पडलेली वीट उचलली आणि माझ्या पत्र्यावर घाव घालत सुटली.

समोरच्या खिडक्या उघडल्या. "काय झालं गं?"

"आईंना उचलायचंय! या ना कुणीतरी!"

चौघी पाण्यातून धावल्या. लताबाईंना खुर्चीत बसवून त्यांनी जिन्याने वर आणलं, तेव्हा खाली त्यांची खाट पाण्यात डुलत होती.

"काय खाता हो लताबाई?" एकीने धापा टाकत विचारलं.

"प्लास्टरचं वजन आहे ते, माझं नाही!"

काका परतले ते कमरेइतक्या पाण्यातून. त्यांनी हँडल आणून साखळीने मला जोडलं. आता दर महिन्याला मला वाजवतात. कोणत्या घरातून कुणाला उचलायचं आणि कुणी, हे ठरलेलं आहे.

मित्रांनो, तुमच्या वस्तीतही माझ्यासारखा कुणी असेल. त्याला कुलपात ठेवू नका, त्याचा आवाज ओळखीचा करून घ्या. मी ओरडलो की लोक माझ्याकडे येत नाहीत, दूर उंचावर निघून जातात. गच्चीवरून मला रिकामी घरं दिसतात. फार एकटं वाटतं. पण तेवढं एकटेपण मला हवं आहे. पाणी चढेल तेव्हा घरं रिकामीच असू द्या.