साठ इंच आणि वर अर्धा

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी ऐकवणारी नव्हे. शिंप्याच्या गळ्यात असते ना, ती मापे घेणारी. एके काळी माझा रंग पिवळाधमक होता. आता मी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी दिसते आणि माझे निम्मे आकडे अंदाजाने वाचावे लागतात. एका टोकाची पितळी पट्टी मात्र अजून चकाकते. त्या पट्टीला एक भोक आहे. ते भोक लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी बरोबर साठ इंच होते. एका म्हाताऱ्या शिंप्याने मला विकत घेतले. त्यांना सगळे मामा म्हणत. मामांची कात्री सारखी हरवायची, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. काम संपले की ते मला दारामागच्या खिळ्याला टांगत आणि माझ्या पितळी भोकात सुतळीने ती जाडजूड कात्री अडकवून ठेवत. कात्रीचे ओझे अंगावर घेऊन मी वर्षानुवर्षे लोंबत राहिले. मला त्याचा अभिमानच वाटे. कात्री कुणावर सोपवली आहे, तर माझ्यावर!

पुढे मामांची नजर अधू झाली आणि त्यांनी मला आपल्या भाच्याच्या गळ्यात घातले. हाच भाचा म्हणजे आमचे मास्तर. मास्तरांनी शिवलेला कपडा अंगावर असा बसे की लोक आरशासमोरून हलत नसत. शिलाईत कुठे चूण नाही, काखेत कुठे काच नाही. पण मित्रांनो, एक गोष्ट ना मास्तरांना ठाऊक होती ना मला. कात्रीच्या ओझ्याने मी ओढली जाऊन चांगली दोन इंच लांबले होते. हे कुणाला कळले नाही, कारण अंग मोजायला मीच आणि कापड मोजायलाही मीच. माझी चूक माझ्याच पोटात जिरून जात असे. सगळ्या जगाची मापे घेणाऱ्या टेपचे माप घ्यावे, असे कुणाला सुचणार?

मग एक दिवस मास्तरांना परदेशात काम मिळाले. बायको आणि चार वर्षांची मुलगी मागे राहणार होत्या. मुलगी दिवसभर स्वतःभोवती गिरक्या घेत असे, म्हणून शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळावरून तिचे नाव पडले होते बॉबिन. बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत, पण त्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नव्हता. त्यांचे म्हणणे, घरात एक वेडा पुरे. निघायच्या दिवशी बॅगा बांधून झाल्यावर मास्तरांनी दोघींना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे केले आणि मला उलगडले. बॉबिन अडतीस इंच भरली. मास्तरीणबाईंच्या वेळी तर मी पायापासून पुरती संपले आणि तरी त्या थोड्या उरल्या.

"साठ, आणि वर अर्धा," मास्तर म्हणाले. "आठवण आली की टेप पूर्ण उलगडून बघेन."

"आणि वरचा अर्धा इंच?"

"तो तुला तिकडे नेल्याशिवाय दिसायचा नाही."

मास्तरीणबाई हसल्या आणि लगेच स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला गेल्या. तिथे शोधण्यासारखे काही नव्हते. घरासाठी मास्तरांनी एक नवी कोरी टेप आणून ठेवली होती. मापे फोनवर कळवायची, कपडे तिकडून शिवून यायचे, असे ठरले.

नव्या देशातले दुकान चिंचोळे होते. एका बाजूला धुलाईवाला, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, मध्ये आम्ही. नवे कपडे तिथे कुणी शिवत नसे. लोक तयार विजारी आणत आणि मास्तर तोंडात टाचण्या धरून त्यांच्या पायाशी बसत, गिऱ्हाइकाच्या घोट्यावर कापड दुमडत आणि टाचत. या कामात माझी गरजच नव्हती. तरी मास्तर मला गळ्यात घालूनच बसत. दुकानाच्या मालकीणबाई एकदा म्हणाल्या की ही चिंधी टाका आणि नवी घ्या. मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

जेवणाच्या सुट्टीत मात्र माझे खरे काम असे. बॉबिनचा फ्रॉक, मास्तरीणबाईंचा ब्लाउज. फोनवरून आलेले आकडे कागदावर असत आणि मास्तर मला कापडावर अंथरत. ते इतके जपून कापत की मला वाटे, कापडाखाली कुणी झोपले आहे आणि त्याची झोप मोडू नये म्हणून हे असे करत आहेत.

पार्सल जाई आणि फोटो येत. फोटोत बॉबिनचा फ्रॉक ढगळ दिसे. मास्तरीणबाईंचा ब्लाउज खांद्यावरून उतरलेला दिसे. मास्तर तो फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत आणि खिशात घालत. आपण नेमक्या मापाचे शिवले आणि तरी सैल होते, म्हणजे दोघी वाळत चालल्या, हे त्यांच्या मनाने घेतले होते. विचारायचा धीर मात्र होत नव्हता. उत्तर खरे निघाले तर इतक्या दुरून काय करणार होते ते?

बायको-मुलीला बोलावून घ्यायचे तर अर्ज करावा लागतो आणि अर्ज करायचा तर त्यांच्यासाठी जागा दाखवावी लागते. मास्तरांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पुढची त्यांची. आतली रिकामी. त्या रिकाम्या खोलीत गेलो तो दिवस मला अजून आठवतो. मास्तर गुडघ्यांवर बसले, मला लाकडी जमिनीवर पसरले आणि शिंप्याच्या खडूने रेघा ओढू लागले. हे कपाट. हा आरसा. इथे मास्तरीणबाईंची खाट. खिडकीखाली बॉबिनची खाट, अडतीस इंच आणि पायाशी वर चार बोटे.

तेव्हापासून आमचे रविवार त्या खोलीत जात. ऊन खिडकीतून येई, आधी खडूच्या कपाटावर चढे, मग हळूहळू बॉबिनच्या खाटेवर जाऊन बसे. मास्तर भिंतीला टेकून बघत राहत. एखाद्या रविवारी मला खरोखरच ती चादर दिसे आणि चादरीखाली दोन पाय हलताना दिसत. मास्तर कधी त्या रेघांवर पाय देत नसत. कपाटाला वळसा घालून खिडकीपाशी जात. रेघा पुसट झाल्या की पुन्हा त्यांच्यावरूनच खडू फिरवत. दर वर्षी फ्रॉक मोठा होत होता, पण खाट तेवढीच राहिली. मला ते दिसत होते, पण मी टेप. मी बोलणार कशी?

अर्जात बायकोची उंची विचारली होती. मास्तरांना हसूच आले. शिंप्याला त्याच्या बायकोची उंची विचारतात! मला न उलगडताच त्यांनी लिहून टाकले, साडेसाठ इंच. मग खाली सही केली की मी या दोघींना सांभाळीन, आणि सहीखाली चांगली जाड रेघ ओढली.

काही महिन्यांनी कार्यालयाचे पत्र आले. अर्जासाठी मायदेशी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी मास्तरीणबाईंची उंची साडेबासष्ट इंच लिहिली होती. लग्नाच्या फोटोत त्यांची लांब वेणी होती आणि आता केस खांद्यापर्यंत. अर्जातली बाई आणि तपासलेली बाई एकच आहे ना, याचा खुलासा हवा होता.

इथे मास्तरांच्या जागी दुसरा कुणी असता तर 'चुकून लिहिले' म्हणून मोकळा झाला असता. पण ते पडले शिंपी. त्यांनी बाणेदार उत्तर पाठवले की मी तीस वर्षे मापे घेतो आहे, माझे माप चुकत नाही, तुमच्या डॉक्टरांचे यंत्र तपासून घ्यावे. डॉक्टरला शिकवणारे ते पत्र टाकून आले तेव्हा मास्तर शीळ घालत होते. मलाही आपली बाजू घेतल्याचा आनंद झाला होता. किती मूर्ख होतो आम्ही दोघे!

पुढचे पत्र छोटे होते. खुलासा समाधानकारक नाही. तीस दिवसांत योग्य खुलासा आला नाही तर अर्ज निकाली काढला जाईल आणि सगळे पहिल्यापासून करावे लागेल. पहिल्यापासून म्हणजे आणखी तीन वर्षे. बॉबिन आता सात वर्षांची झाली होती. फोनवर ती पाहुण्यांशी बोलावे तशी बोलू लागली होती. शाळा चांगली चालली आहे. हो, जेवले. हे घ्या, आईशी बोला. आणखी तीन वर्षांनी ती काय बोलेल, हा विचार मास्तरांना सुई धरू देत नव्हता. दोनदा बोटात सुई गेली.

त्या रविवारी सकाळी मास्तरीणबाईंचा फोन आला. मास्तर खडूच्या आरशाजवळ बसून डॉक्टरला नावे ठेवत होते. मास्तरीणबाईंनी त्यांना बोलू दिले. मग म्हणाल्या, "अहो, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"तुमच्याकडचे छत्तीस इंच आणि इथले छत्तीस इंच एकच आहेत का?"

मास्तरांना कळेना. मास्तरीणबाई सांगू लागल्या. पहिल्या पार्सलपासून सगळे कपडे सैल येत होते. बॉबिनचे त्यांना खटकले नाही. वाढत्या अंगाचे शिवत असतील, पोर कधी भेटेल कोण जाणे म्हणून शिवणीत जास्तीची माया ठेवत असतील, असे वाटले. स्वतःचे ब्लाउज मात्र त्या आतून टाचण्या लावून घालत होत्या.

"मला वाटले मीच वाळले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळले तर तुमचा जीव तिकडे लागणार नाही, म्हणून बोलले नाही."

मास्तर हळूच म्हणाले, "मलाही तेच वाटत होते, तू वाळलीस. तीन वर्षे."

माझ्या अंगातले सगळे आकडे एकदम वितळून जावेत असे मला झाले. दोन माणसे एकमेकांच्या काळजीने झुरत होती आणि कारण होते दोन इंचांनी लांबलेली मी!

सोमवारी मास्तर सगळ्यांच्या आधी दुकानात गेले. मालकीणबाईंच्या खणातून त्यांनी स्टीलची मोजपट्टी काढली आणि मला तिच्या शेजारी ठेवले. माझे पहिले टोक तिच्या टोकाशी जुळले. मग हात पुढे पुढे सरकत गेला आणि माझा प्रत्येक आकडा तिच्या आकड्याच्या आणखी पुढे पडत गेला. मास्तरांनी माझ्या पितळी भोकात बोट घातले. मामांच्या दारामागचा खिळा, सुतळी आणि कात्री त्यांना आठवली असावी. ते मला फेकून देतील असे वाटले होते. त्यांनी माझी घडी केली आणि मला शर्टाच्या वरच्या खिशात ठेवले.

कार्यालयाच्या खिडकीशी बसलेल्या बाईंना त्यांनी सगळे जसेच्या तसे सांगितले. डॉक्टर बरोबर आहेत. चूक माझी. माझी टेप लांबली आहे आणि मी ते कधी तपासले नाही. केस तिने मधल्या काळात कापले. बाईंनी आपली पट्टी काढून मला ती लावून पाहिली, खुलासा लिहून घेतला, सही घेतली. मला परत देताना त्यांनी विचारले की आता तरी नवी टेप घेणार ना?

"कामाला घेईन," मास्तर म्हणाले. "पण बायकोला मी हिने मोजून निघालोय. ती आल्यावर एकदा हिनेच मोजायचीय."

बाईंनी अर्जावर काहीतरी लिहिले आणि पुढच्या माणसाला बोलावले.

उत्तर यायला आणखी चार महिने लागले. ते आले, आणि एक दिवस दुपारी त्या दोघीही आल्या. मी नेहमीप्रमाणे मास्तरांच्या गळ्यात होते. आतल्या खोलीच्या दारात मास्तरीणबाईंनी बॅग खाली ठेवली, चपला काढल्या आणि कुणी न सांगता चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मास्तरांनी मला उलगडले. मी पायापासून निघाले आणि त्यांच्या केसांपाशी येऊन संपले. वर अर्धा इंच होता. मास्तरांनी त्या अर्ध्या इंचावर तळहात ठेवला. तो हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

बॉबिन दाराशीच अवघडून उभी होती. जमिनीवरच्या रेघा पाहून तिने आईला विचारले की हे काय आहे. आईला ठाऊक नव्हते. मास्तर म्हणाले, "ती तुझी खाट." पोर क्षणभर बघत राहिली, मग रेघ न पुसता हळूच आत जाऊन आडवी झाली. तिचे पाय घोट्यांच्या वरपासून खाटेबाहेर आले.

मास्तरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ज्या मुलीसाठी ती खाट आखली होती, ती मुलगी आता कुठेच नव्हती. ते खाली बसले आणि सवयीने मला हातात घेतले, नवे माप घ्यायला.

"टेप राहू द्या हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पोर समोर आहे ना."

मास्तरांनी मला बाजूला ठेवले. खडू घेतला आणि तो बॉबिनच्या डोक्यावरून, खांद्यावरून, पसरलेल्या हाताभोवती, पायाभोवती सगळीकडून फिरवत नेला. घोट्यापाशी तिला गुदगुल्या झाल्या आणि ती हसली. "बाबा, परत," ती म्हणाली.

मित्रांनो, आता मी त्या खोलीतल्या खिळ्यावर असते. खाली कात्री टांगलेली नाही. रोजच्या कामाला नवी टेप आहे आणि मास्तर दर महिन्याला तिला स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहतात. तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी जुने असेल तर त्याला फेकू नका, पण त्याच्या अंगावर ओझेही टांगू नका. आणि तुमचे कुणी दूर राहत असेल, त्याला काही पाठवत असाल, तर नुसते पाठवून थांबू नका. अंगाला नीट बसते का, हे विचारा. तुम्हाला कुणी विचारले, तर सैल होते म्हणून सांगा. आम्ही ते तीन वर्षे केले नाही.