पाठीवरची पेटी

शेफालीचा नवरा चंदननगरच्या मिरवणुकीत विजेच्या धक्क्याने गेला. जगद्धात्री देवीच्या विसर्जनाचे ढाक-ढोल वाजत होते आणि जनरेटरची उघडी वायर त्याच्या हातात आली. त्यानंतर बिमान कुंडूने तिला आपल्या दिव्यांच्या कारखान्यात ठेवून घेतलं. नऊ वर्षं ती एलईडीच्या माळांना कथलाचे डाग देत बसली, पण डोक्यात एकच होतं: माणूस मारणार नाही अशी वीज हवी.

ती सापडली भंगारात. विजेवर चालणाऱ्या मोडक्या टोटो रिक्षांच्या लिथियम बॅटऱ्या. शेफालीने त्या उघडल्या, एकेक सेल मीटरवर तपासला आणि फुगलेले बाजूला टाकले. टोटोला लागतो तेवढा जोर दिव्यांना नको होता, म्हणून चार-चार सेल जोडून तिने बारा व्होल्टच्या छोट्या पेट्या केल्या. प्रत्येकीत फ्यूज घातला आणि सर्किटची एक हिरवी पट्टीही बसवली. भार फार झाला की ही पट्टी आपणहून पुरवठा तोडायची.

पहिल्या वर्षी पाठीवर पेटी आणि खांद्यावर दिव्यांचा कातला मासा घेऊन गडी गल्लीबोळांतून नाचले. कुणाला चटका बसला नाही. बक्षिसाची ढाल बिमानने घेतली, पेपरात फोटोही त्याचाच आला. शेफालीने ते गिळलं.

दुसऱ्या वर्षी बिमानने प्रत्येक मासा दुप्पट मोठा केला. चाचणीत शेपटी वळली आणि सगळे दिवे गेले.

"तुझी ती पट्टी नाजूक आहे गं," बिमान म्हणाला.

"नाजूक नाही, बिमानदा. तिला झेपत नाही एवढा भार घातलाय तुम्ही. दोन पेट्या लावा, नाहीतर दिवे कमी करा."

"दोन पेट्या घेऊन गडी नाचेल की बसेल? आणि दिवे कमी करून काय, चिमुकला पुंटीमासा मिरवू? पट्टी काढ. फ्यूजच्या जागी तार लाव."

"माझ्या हातून ते व्हायचं नाही."

"नको करूस. कारखान्यात हात काय तुझेच आहेत?"

शेफालीने कात्री-पक्कड पिशवीत टाकली आणि ती निघाली. दारात कार्तिक मातीच्या कुल्हडातून चहा पीत उभा होता. गेल्या वर्षी सगळ्यांत पुढचा मासा त्याच्याच खांद्यावर होता, यंदाही असणार होता.

"काय दीदी, दादांशी वाजलं वाटतं?"

"त्यांनाच विचार," ती म्हणाली आणि चालू पडली. विसर्जनाला चार दिवस होते. बिमान बोलवायला येईल, नाक घासेल, या आशेवर ती चारही दिवस घरात बसून राहिली.

बिमान आला नाही. विसर्जनाच्या संध्याकाळी कोपऱ्यावर मासा वळवताना कार्तिकच्या पेटीची वायर लोखंडी सांगाड्याला घासली. तोडायला फ्यूज नव्हता, पट्टी नव्हती. वायर लाल झाली, पेटी धुमसली आणि नायलॉनचे पट्टे त्याच्या खांद्यावरच वितळले. त्याला पेटी टाकता आली नाही.

दुसऱ्या दिवशी शेफाली इस्पितळात गेली. कार्तिक पालथा पडला होता. त्याची बायको टुम्पा बाहेरच्या बाकावर बसली होती.

"बिमानदा सांगत फिरतायत, पेटी तुझ्या हातची."

"त्यातला फ्यूज त्यांनी काढायला लावला. मी नको म्हटलं होतं, टुम्पा. बजावून सांगितलं होतं त्यांना."

"त्यांना सांगितलंस. पण पेटी याच्या पाठीवर होती. याला सांगितलंस?"

शेफाली बाकाच्या कडेला टेकली.

"दारात भेटला होता म्हणे तुला. घरी येऊन हसत होता, दीदी रुसलीये म्हणून."

टुम्पाने एवढंच म्हटलं आणि पदर सावरून ती आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शेफालीला वाटलं.

तिथून ती थेट कारखान्यात गेली. उरलेले मासे रासाच्या उत्सवासाठी शांतिपूरला जायचे होते. ते उचलायला नवे गडी आले होते.

"आलीस? बरं झालं," बिमान म्हणाला. "आता लोकांना तूच सांग, अपघात होता म्हणून."

खाली बसून तिने एकेक पेटी उघडली, फ्यूजच्या जागी लावलेल्या तारा उपटल्या, फ्यूज आणि पट्ट्या पुन्हा बसवल्या. मग कात्री घेऊन प्रत्येक माशाचे निम्मे दिवे कापले. बिमान बघत राहिला. त्या दिवशी तिला अडवायची त्याची छाती झाली नाही.

मग तिने गड्यांना जवळ बोलावलं. फ्यूज कुठे आहे, पट्टा एका झटक्यात कसा सोडायचा, पेटी गरम लागली तर मासा खुशाल रस्त्यात टाकायचा, हे प्रत्येकाकडून करून घेतलं. त्यातला एक जण पट्टा बांधता बांधता म्हणाला, "एवढं सगळं कळत होतं, मग कार्तिकच्या वेळी कुठे होतीस, दीदी?"

"घरी होते," शेफाली म्हणाली आणि तिने पुढची पेटी ओढून घेतली.