फक्त हात

शितल न्हावऱ्याला सून म्हणून आली ती शिरूरच्या क्लासात शिकलेलं आरीवर्कचं भरतकाम बरोबर घेऊन. सासरे तात्याबा मनानं वाईट नव्हते. म्हणाले, "ब्लाऊज शिव की पोरी. पर जाहिरात भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच. लोकात त्वांड दाखवायचं न्हाई."

ग्रुपवर गिऱ्हाईक उदंड. पण चुलतसासूकडं मजुरी मागायची कुठल्या तोंडानं? पिकतं तिथं विकत नाही, म्हणतात ते उगाच नव्हे. शितलला शिक्रापुरात स्वतःचा गाळा हवा होता आणि तिथल्या नवऱ्या मुली सगळ्या इन्स्टाग्रामवर. शेवटी तिनं गुपचूप खातं काढलं. तोंड दाखवायचं नाही ना? ठीक! फक्त हात, सुई आणि मणी.

व्हिडिओ चालले. शिक्रापूरहून ऑर्डरी येऊ लागल्या, रोख पैसे देणाऱ्या. शितल कामात गाणी गुणगुणू लागली.

एक गोष्ट मात्र ती पार विसरली. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत सासूनं हौसेनं तिच्या मनगटावर नवऱ्याचं नाव गोंदवून घेतलं होतं. चुलत दीर पप्पूनं ते मोबाईलवर वाचलं आणि व्हिडिओ थेट भावकीच्या ग्रुपवर टाकला. 'आपल्या सुदर्शनदादाच्या मंडळींचा हात!'

शितलला वाटलं, आता शिव्या बसणार. पण तात्याबा खूश झाले. "घराचं नाव काढलंस! आता अनोळखी लोकांचं मेसेज तू कशाला वाचती? पप्पू बघंल."

पप्पूनं तिच्याकडून पासवर्ड घेतला आणि बदलून टाकला. शिव्या बसल्या असत्या तर ती भांडली असती. कौतुकाशी कसं भांडायचं?

आठवड्यानं पप्पू मोबाईल नाचवत आला. "वहिनी, बघा किती लोकं बघत्यात!"

खाली एका मुलीनं लिहिलं होतं, 'ताई, मी शिक्रापूरची. माझ्या लग्नाचा ब्लाऊज शिवाल का?' आणि त्याखाली शितलच्या खात्यावरून उत्तर गेलं होतं, 'बाहेरची कामं घेत नाही.'

"भावजी, हे कुणी लिवलं?"

"तात्यांनी सांगितलं. भिमाआत्याकडं लग्न हाय, आधी घरचं नको का?" पप्पूनं कॅमेरा लावला. "चला वहिनी, हात दाखवा."

शितलचा चेहरा उतरला. पण कॅमेऱ्यात तोंड येणारच नव्हतं. तिनं सुई उचलली आणि हात पुढं केला.