पाच मिनिटांची वाळू

"वाळू सरली, हुल्डा. ठेव आता," ऑपल म्हणाली.

"अगं, वाक्य तरी पुरं करू देशील?"

"तुझं वाक्य कालपासून चाललंय. लोक खोळंबलेत."

"कोण लोक? एला मावशी? ती आमच्याच लाइनीवर आहे. तिची धाप ऐकू येतेय मला."

"मी आत्ताच उचललाय हो," एक म्हातारा आवाज घाईघाईनं म्हणाला आणि खट्कन रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला.

ऑपल निसननं हुल्डाची खुंटी बोर्डातून उपटली आणि अंडी उकडताना लावतात ते वाळूचं घड्याळ पुढच्या माणसासाठी उलटं केलं. बोलायचं ते पाच मिनिटांत, हा कंपनीचा नियम. ऑपल तो बावीस वर्षं पाळत आली होती. गावातली आणि आसपासच्या शेतांवरची मिळून छत्तीस घरं तिच्या बाहेरच्या खोलीतल्या टेलिफोनच्या लाकडी बोर्डाला जोडलेली होती. कुणी फोनची मूठ फिरवली की बोर्डावरची त्या लाइनीची पितळी झडप टप्पकन पडायची आणि ऑपल म्हणायची, "सेंट्रल." एकेका लाइनीवर दहा-बारा घरं, प्रत्येकाची घंटी निराळी, पण ती वाजायची सगळ्यांच्याच घरात. त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं ऐकणं हा गावाचा मुख्य विरंगुळा होता. त्याला कुणी चोरी म्हणत नसे. फक्त जितके कान लागतील तितका बोलणाऱ्याचा आवाज खोल जाई, मग ऑपल म्हणे, "दोघंतिघं ठेवा रे बाबांनो, काही ऐकू येईना."

तेवढ्यात तालुक्याच्या लाइनीची झडप पडली.

"सेंट्रल."

"ऑपल, मी फिंच. स्टेशनातून."

तालुक्याचं रेल्वे स्टेशन चौदा मैलांवर होतं आणि फिंच तिथला तारमास्तर. मुलगी झाली, मामा शुक्रवारच्या गाडीनं येतोय, असल्या तारा तो फोनवरच वाचून दाखवायचा आणि ऑपल त्या घरोघर कळवायची.

"सांगा, लिहून घेते," ती म्हणाली.

"नाही. ही घेऊन येतोय मी. रस्ते कसे आहेत?"

ऑपलनं पेन्सिल खाली ठेवली.

"चर्चकडचा रस्ता पाण्याखाली गेलाय," ती म्हणाली. बर्फ वितळायला लागला की मार्चमध्ये दरवर्षी जायचाच. "ऑट्टोच्या पुलावरून या. तो बुडत नाही."

"बरं." फिंच जरा थांबला. "तू घरीच आहेस ना?"

"बावीस वर्षं घरीच आहे मी, मिस्टर फिंच."

या उत्तरावर तो नेहमी हसायचा. आज हसला नाही.

फोन बंद झाल्यावर ऑपल बोर्डाकडे बघत बसली. फिंच जी तार वाचून दाखवत नाही, ती कसली असते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लढाई सुरू झाल्यापासून तो दोनदा अशी तार घेऊन आला होता, दोन्ही वेळा कोट आणि टाय घालून. गावातल्या चौदा घरांच्या खिडक्यांत पांढऱ्या पट्ट्या टांगलेल्या होत्या आणि पट्टीवर, लढाईवर गेलेल्या प्रत्येक मुलामागे एक, असे निळे तारे शिवलेले होते. हुल्डा क्रेमरच्या खिडकीत तीन होते. ऑपलच्या खिडकीत एक.

झडपा पडायला लागल्या.

"ऑपल, फिंचचा फोन होता म्हणे?"

"होता."

"कुणाचं नाव घेतलं?"

"नाही घेतलं."

"तुला माहीत असणारच. देवाच्या आधी तुला कळतं सगळं."

"या वेळी नाही कळलं. ठेवा, लाइन मोकळी असू दे."

असं तिनं आठ जणींना सांगितलं. दर वेळी खुंटी तितक्याच बेतानं घातली, तितक्याच बेतानं काढली. फक्त तळहात पुन्हा पुन्हा स्कर्टला पुसावा लागत होता. नवव्यांदा पुसताना तिच्या लक्षात आलं, की फिंचनं रस्ते कसे आहेत एवढंच विचारलं. घर कुठं आहे ते विचारलंच नाही.

मागच्या दोन्ही खेपांना त्यानं विचारलं होतं. 'स्कोगांच्या शेताकडे कुठून वळायचं? लोहाराचा भाचा राहतो ते घर कोणतं?' चौदा मैलांवरच्या माणसाला शेतातल्या वाटा कुठून माहीत असणार? आज विचारलं नाही, म्हणजे घर त्याच्या ओळखीचं होतं. गावात त्याच्या ओळखीची घरं चार. दुकान आणि पाद्रीबाबांचं घर, तिथं तारे नव्हते. हुल्डाचं घर, कारण तिच्याकडून तो अंडी न्यायचा. आणि हे.

 खुर्चीच्या दोन्ही कडा ऑपलनं धरल्या. 

तिचा नवरा ऑट्टो म्हणायचा, सरकारी पाकीट एकट्यानं उघडू नये, आपण दोघांनी मिळून उघडावं. बँक बुडाली त्या वर्षी ऑपलनंच सगळ्या घरांना एकदम ऐकू जाणारी सलग लांब घंटी वाजवून गावाला ती बातमी दिली होती. त्यानंतरची तीन वर्षं ऑट्टोच्या हाताला काम नव्हतं. मग पहिलं सरकारी पाकीट आलं आणि त्याला ओढ्यावरच्या पुलाचं काम मिळालं. हुल्डा तेव्हा दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली होती, "सरकारी फावडी पडू नयेत म्हणून माणसं लावलीत टेकून उभी राहायला." ऑट्टोनं ते ऐकलं आणि पुलाचे खांब नकाशात होते त्यापेक्षा दीड हात खोल नेले. दुसरं पाकीट त्यांच्या मुलाचं, वेस्लीचं. सतराव्या वर्षी तो सरकारी छावणीत झाडं लावायला गेला, आणि तिथं दोनशे पोरांसाठी पाव भाजायला शिकून आला. घरी आल्यावर आईपुरता रस्सा करायला बसला तरी बादलीभर करायचा. तिसरं पाकीट लढाईचं. आता तो पॅसिफिकमध्ये एका जहाजावर स्वयंपाकी होता. परवाच्या पत्रात लिहिलं होतं, अंड्याची भुकटी मिळते, तिला अंडं म्हणायचं म्हणजे कोंबडीचा अपमान आहे.

"सरकारनं हात दिला," ऑट्टो मरायच्या आदल्या हिवाळ्यात म्हणाला होता, "पण हात देणारा कधीतरी हात मागतो, ऑपल." ती तेव्हा त्याच्यावर रागावली होती.

हुल्डाला तीन आहेत, ऑपलच्या मनात आलं. तीन आहेत तिला.

हा विचार आपल्याच डोक्यात उठला हे कळायला तिला एक क्षण लागला. मग मान वर करून बोर्डाकडे बघायचीही तिला भीती वाटली, जणू छत्तीस घरांनी तो ऐकला होता.

हुल्डाच्या लाइनीची झडप पडली.

"सेंट्रल."

"त्यानं रस्ता विचारला का गं, कुणाच्या घराचा?" हुल्डाचा आवाज नेहमीसारखा नव्हता. बारीक झाला होता.

खोटं बोलता आलं असतं. लांबच्या कुणाचं तरी नाव घेतलं असतं, तर निदान तासभर ही बाई सुखानं बसली असती.

"नाही," ऑपल म्हणाली.

 कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं घड्याळ टिकटिकत होतं.

"म्हणजे तू नाहीतर मी," हुल्डा म्हणाली.

"हो."

"आत्ता देवाजवळ मी काय मागितलं, ते विचारू नकोस."

"तूही मला विचारू नकोस."

"तीन असले म्हणून एखादा जास्तीचा नसतो गं," हुल्डा म्हणाली. ऑपलनं डोळे मिटले.

"माहीत आहे मला."

"ऑट्टोला मी ते फावड्याचं बोलले होते ना."

"आता ते कशाला?"

"माझ्या खिडकीतून तो पूल दिसतो. फिंचचा फोन झाल्यापासून तिथंच उभी आहे मी."

ऑपलनं वाळूच्या घड्याळाकडे पाहिलं. वाळू केव्हाच तळाला गेली होती. आवाज इतका खोल गेला होता, की सबंध लाइन कान लावून बसली असणार. एरवी तिनं सगळ्यांना दरडावलं असतं. आज नाही. भीतीच्या वेळी कुणी जवळ असावं असं माणसाला वाटतं, मग ते चोरून ऐकणारे का असेनात.

"ऑपल."

"बोल."

"गाडी आली पुलावर. काळी. त्याचीच."

ऑपल खुर्चीत पुढे सरकली. "नीट सांग."

"पूल उतरली. आमच्या कुंपणाशी आली." हुल्डाला धाप लागली होती. "हळू झाली."

"थांबली?"

ऑपलनं कानावरचं यंत्र घट्ट दाबलं.

"हुल्डा, थांबली का?"

"चिखल होता. चिखलामुळे हळू झाली." आणि मग, फार वेळानं, अगदी हळू, "पुढे गेली गं."

हुल्डा रडत होती. सुटल्याचं रडणं आणि दुसरं कसलं तरी, दोन्ही त्यात होतं, आणि कोणतं किती हे बहुधा तिलाही सांगता आलं नसतं.

गाडी यायला अजून दोन मिनिटं लागणार होती. आधी दुकान, मग पाद्रीबाबांच्या घराचं वळण, मग हे घर. ऑपलनं सगळ्या लाइनींच्या खुंट्या एकात एक गुंतवल्या आणि मूठ धरून सलग फिरवली. बँक बुडाली तेव्हा फिरवली होती, लढाई पुकारली तेव्हा फिरवली होती. छत्तीस घरांत ती लांब घंटी वाजली. चौदा घरांतल्या बाया त्या घंटीला किती भ्यायल्या असतील, हे तिला कळत होतं, म्हणून ती भरभर बोलली.

"सेंट्रल बोलतेय. मिस्टर फिंच आज आणखी कुणाकडे जाणार नाहीत. तार माझ्या घरची आहे. सगळ्यांनी आपापल्या कामाला लागावं."

तिनं कानावरचं यंत्र काढलं, केसांवरून हात फिरवला आणि जाऊन दार उघडलं. दार वाजवायची पाळी तिनं त्याच्यावर येऊ दिली नाही.

फिंचनं कोट घातला होता. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती. त्यानं पाकीट पुढे केलं, मग टोपी काढायची राहिली हे आठवून ती काढली.

"वाचून दाखवू?"

"नको. जहाजच गेलं का, की तो एकटा?"

"तेवढं लिहिलेलं नाही, ऑपल. फक्त त्याचं आहे."

"सापडत नाही, असं आहे?"

"नाही." फिंच खाली बघत राहिला. "गेला, असं आहे."

"बसा. पूल कसा होता?"

"पूल चांगला आहे," फिंच म्हणाला. "पाणी खांबांना लागून होतं, पण पूल हलत नव्हता."

तिनं मान हलवली. कॉफी ठेवली. साखर मोजून मिळण्याच्या त्या दिवसांत तिनं त्याच्या कपात दोन चमचे घातले. पाकीट टेबलावर तसंच होतं, दोघांच्या मध्ये.

फिंच गेल्यावर ऑपल परत बोर्डापुढे येऊन बसली. दुसरीकडे कुठं बसायचं तिला माहीत नव्हतं. आता झडपा पडतील, माणसं विचारतील, आणि तेच तेच सांगावं लागेल. या गोष्टीची तिला तारेइतकीच भीती वाटत होती. बाहेर पागोळ्या गळत होत्या. दुपार झाली. दुकानाला ज्या वेळी दूधवाल्याचा फोन जायचा ती वेळ गेली. एला मावशीचा हवामान विचारायचा फोन आला नाही. ऑपलच्या सबंध नोकरीत बोर्ड दिवसा कधी अर्धा तास गप्प राहिला नव्हता, त्या दिवशी उन्हं कलेपर्यंत छत्तीस घरांपैकी एकानंही मूठ फिरवली नाही.

संध्याकाळी एक झडप पडली. हुल्डाच्या लाइनीची.

"सेंट्रल," ऑपल म्हणाली. सवयीनं तिचा हात वाळूच्या घड्याळाकडे गेला आणि तिनं ते उलटं केलं.

पलीकडून कुणी बोललं नाही. हुल्डाच्या चुलीवर काहीतरी रटरटत होतं, भिंतीवरचं घड्याळ चाललं होतं, आणि अगदी जवळ तिचा श्वास होता. ऑपलही बोलली नाही. वाळू बारीक धारेनं उतरत राहिली, तळाशी तिचा लहानसा ढीग झाला, शेवटचे कण पडले.

ऑपलनं घड्याळ पुन्हा उलटं करून ठेवलं.