शिक्षा म्हणून घरभेट

गच्चीवर ओले कपडे वाळत घालून जिना उतरताना तिचा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. शिलाई मशीन बंद पडलं, घराची घडी विस्कटली. तेही तिने सोसलं असतं. पण भिंगरीला उपचार केंद्रात कोण नेणार, हा प्रश्न सुटत नव्हता.

भिंगरी तिची सहा वर्षांची लेक. स्वतःभोवती गरगर फिरायची म्हणून आजीने हे नाव ठेवलं आणि खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. ती बोलायची नाही. सायकलच्या घंटीचं झाकण तिला कुठूनतरी सापडलं होतं. ते गार झाकण गालाला लावलेलं असलं की तिला जग चालायचं. डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द उच्चारला त्या दिवसापासून केंद्रात नेणं, आणणं, बाहेर बाकावर ताटकळत बसणं, सगळं आईच्याच गळ्यात होतं.

"मी नेतो," नवरा म्हणाला. तो फ्रीज दुरुस्तीची कामं करायचा. सकाळची गिऱ्हाइकं त्याने दुपारवर ढकलली. "एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?"

"तिथे काहीही दिसलं तरी गप्प बसा," ती म्हणाली. "जे वाटेल ते घरी येऊन मला सांगा. तिथे तोंड उघडू नका."

"असं आहे तरी काय तिथे?"

"आहे ते आहे. गप्प बसा, एवढंच."

तो गप्प बसला नाही.

दुपारी दार उघडलं तेव्हा भिंगरी आधी आत आली आणि सरळ पलंगाखाली शिरली. तिच्या गालावर अश्रूंचे सुकलेले ओघळ होते. मागून नवरा आला तो कुस्ती मारून आल्यासारखा. बाही वर केलेली, चेहरा लाल.

"चांगलंच झाडलं आज त्यांना," तो म्हणाला. "एकेकाची बोलती बंद केली."

ती उशीला टेकून बसली होती, ती ताठ झाली. "काय केलंत?"

"काय केलंत काय विचारतेस? पोरगी आत टाहो फोडतेय आणि मी बाहेर बाकावर बसू? काचेला आतून कागद चिकटवलाय. दार ढकललं तर काय दिसावं? तिचं झाकण कपाटावर ठेवलंय आणि ती शिकवणारी ताई समोर बसून म्हणतेय, 'माझ्याकडे बघ, मग मिळेल.' पोरगी भिंतीवर डोकं आपटतेय आणि हिचं आपलं चालूच, माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ! मी झाकण काढून पोरीच्या हातात दिलं आणि तिला म्हटलं, तू ताई कसली, तू कसाई आहेस. मग ती संचालिका धावत आली. तिलाही सुनावलं. चारचौघांत सुनावलं."

सासूबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्यांनी मान डोलावली. "शाब्बास. बापाने असंच असावं."

तिला दिसत होता तो त्या खोलीबाहेरचा बाक. दीड वर्ष ती त्यावर बसली होती. आतलं रडणं ऐकत, पदराची गाठ मारत आणि सोडत. एकदा तर संचालिकेने ते झाकण तिच्याच हातात देऊन सांगितलं होतं, "तुम्हीच लपवा. आईने कणखर व्हायला हवं." आणि तिने ते स्वतःच्या पिशवीत लपवलं होतं. घरी आल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. मग तिने ताईला गाठलं होतं. एकदा जिन्यात, एकदा रस्त्यात, पुन्हा पुन्हा. मला आत बसू द्या म्हणाली, घरी येऊन बघा म्हणाली, घरात केस धुताना काय होतं ते तुम्हाला इथे बसून कळणार नाही म्हणाली. ताई हळूहळू पाझरली होती. पुढच्या महिन्यात घरी यायचं तिने कबूल केलं होतं.

"ताई काय म्हणाली?" तिने विचारलं.

"काय म्हणणार? रडायला लागली. रडू दे."

मग तिचा स्फोट झाला.

"तुला काय वाटलं, मला राग येत नव्हता?"

लग्न झाल्यापासून ती त्याला अहो म्हणत होती. सासूबाईंनी खुर्चीचा हात धरला.

"मी मुकी म्हणून बसत होते तिथे? मला दिसत नव्हतं? रोज गिळलाय मी तो राग. घास घास करून गिळलाय. का, तर या भागात दुसरं केंद्र नाही आणि ती एक मुलगी, जिला तू कसाई म्हणालास, ती एकटीच माझं ऐकायला लागली होती. आणि तू एक दिवस गेलास, एक! मनसोक्त ओरडलास आणि छाती काढून घरी आलास!"

"अगं, पण पोरगी डोकं आपटत होती..."

"आपटत होती! दीड वर्ष आपटतेय! मी येऊन सांगायचे तेव्हा तू काय म्हणायचास? 'त्यांना कळतं, ते शिकलेले आहेत.' सांग, म्हणायचास की नाही?"

तो वर केलेली बाही खाली ओढू लागला.

"अगं, नवऱ्याला असं एकेरीवर..." सासूबाई मध्ये पडल्या.

"आई, तुम्ही तर बोलूच नका. लाड, लाड, लाड. माझ्या लाडांनी पोरगी अशी झाली, हे तुम्ही जिन्यावरच्या बायकांनाही सांगितलंय."

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. पलंगाखालून झाकणावर नख घासल्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी केंद्रातून फोन आला. पालकांच्या वर्तनामुळे भिंगरीची जागा तूर्त थांबवली आहे. लेखी माफीनामा दिला तर विचार करू.

"देतो लिहून," नवरा पडेल आवाजात म्हणाला. रात्रभरात त्याचा नूर उतरला होता.

"तू काही लिहून देणार नाहीस. रिक्षा आण. मी येतेय."

"या पायाने?"

"जीभ शाबूत आहे माझी."

केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. ज्या इमारतीत चालता न येणारी पोरं यायची, तिथे लिफ्ट नव्हती, आणि याचं आजवर कुणाला नवलही वाटलं नव्हतं. ती पायरीवर उलटी बसली. हाताच्या जोरावर स्वतःला वर ढकलायची आणि नवरा खालून प्लास्टरचा पाय एखाद्या पाइपासारखा उचलून धरायचा. अर्ध्या जिन्यात त्याला घाम फुटला.

"नीट धर," ती दात ओठ खाऊन म्हणाली. "पाय आहे, काँप्रेसर नाही."

वर बाकावर नेहमीचेच लोक होते. तीन आया आणि नातवाला घेऊन येणारे एक आजोबा. संचालिकेच्या खोलीचं दार लावायला शिपाई पुढे झाला, तर तिने आपली कुबडी उंबऱ्यात आडवी टाकली.

"राहू दे उघडं."

संचालिका मऊ आवाजाची बाई होती. राग आला की तो आवाज आणखी मऊ व्हायचा. "हे पाहा, तुमच्या मिस्टरांनी जे केलं त्याने बाकीची मुलं घाबरली. आम्हाला शिस्त पाळावी लागते."

"आवाज चढवल्याची माफी तो मागेल," ती म्हणाली. "दार उघडल्याची मागणार नाही."

"उपचार चालू असताना पालक आत आले की मुलांचं लक्ष उडतं."

"मॅडम, बाहेरच्या फलकावर काय रंगवलंय? कुटुंबासह, कुटुंबासाठी. त्यातलं कुटुंब कुठेय? बाकावर. कागद लावलेल्या काचेच्या बाहेर. आत तुम्ही काय करता ते आम्हाला दिसत नाही आणि घरी काय होतं ते तुम्हाला बघायचं नाही. माझी पोरगी इथे थोडा वेळ असते. बाकीचा सगळा दिवस ती कुणाची?"

"घरातलं वातावरण बदला, हे तर आम्ही नेहमीच सांगतो."

"सांगता! सांगायला काय जातं? केस धुताना ती मला चावते, बघा." तिने बाही वर केली. "सांगा, यातलं कुठलं वातावरण बदलू?"

संचालिकेने हाताकडे पाहिलं नाही. "बाकी कुठल्याच पालकांची तक्रार नाही."

ती वळून बाकाकडे बघत राहिली. एक आई चपलेचा पट्टा नीट करू लागली. दुसरीने मुलाचं नाक पुसलं. या बायका तिच्याबरोबर बाकावर रडल्या होत्या, आणि आता एकीचीही मान वर होईना. तिला त्यांचाही राग आला. पण कालपर्यंत ती स्वतः तशीच बसत होती.

"माझी आहे," आजोबा म्हणाले. ते उठले नाहीत, नुसता हात वर केला, वर्गात करतात तसा. "माझी तक्रार आहे. कुणी विचारलीच नाही म्हणून."

संचालिकेचा आवाज आता इतका मऊ झाला की ऐकूच येईना. भिंगरीची इथली जागा रद्द, ती म्हणाली. आठवड्यातून एक घरभेट देता येईल, कुणी कर्मचारी तयार असेल तर. घरभेट म्हणजे तिथली काळ्या पाण्याची शिक्षा होती. उन्हातान्हात पायपीट नको म्हणून कुणी जायला मागत नसे.

दाराशी उभी असलेली ताई म्हणाली, "मी जाते."

उतरताना नवऱ्याने हळूच विचारलं, "म्हणजे आपण जिंकलो का?"

"तिची तिथली झोपाळ्याची खोली गेली. बोलायला शिकवणारे सर गेले. जिंकलो कसले?" ती म्हणाली. "पाय धर."

ताई आली तेव्हा घरातले सगळे अवघडून बसले होते. नवरा दोनदा खाकरला. "त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो..."

"कसाई," ताईने आठवण करून दिली.

"हो. ते. चुकलं माझं."

ताईने मान हलवली. "झाकण मीच ठेवलं होतं कपाटावर. तिथे तसंच करायला शिकवतात. इथे नाही करणार."

"पण तिथे करत होतात," ती पलंगावरून म्हणाली. माफ करायची तिची तयारी नव्हती. "नोकरी टिकवायला आमचीच पोर सापडली?"

ताईचे डोळे भरले, पण तिने नजर चुकवली नाही. "हो," ती म्हणाली. "चूक होती ती." मग तिने विचारलं, "घरात सगळ्यात कठीण वेळ कुठली?"

"केस धुणं," तिघंही एकदम म्हणाले.

"कोण धुतं?"

दोन बोटं पलंगाकडे वळली.

"त्या तर या पायाने धुऊ शकत नाहीत," ताई म्हणाली. "मग कोण?"

दोन्ही बोटं खाली आली.

पहिला प्रयत्न नवऱ्याने केला. भिंगरी त्याच्या मनगटाला कडकडून चावली. तो ओरडत न्हाणीघरातून बाहेर आला, भिजलेला, मनगट धरून. "मला नाही जमणार हे!"

"आत जा," बायको म्हणाली.

"अगं, रक्त आलंय."

"माझंही यायचं. आत जा."

तो गेला. ताई सासूबाईंकडे वळली. "आजी, ती बिथरली की तुम्ही काय करता?"

सासूबाईंना कुणी काही विचारेल असं वाटलं नव्हतं. त्या चाचरल्या. "मी काय करणार? पाठ दाबते. जोरात. हलका हात लावला की जास्तच पिसाळते ती."

"हे केंद्रात का नाही सांगितलंत?"

"मला कोण नेतंय तिथे?"

मग पुढचे कित्येक आठवडे हेच चाललं. आजी पाठ दाबायची. नवरा फरशीवर मांडी घालून बसायचा आणि भिंगरीच्या हातात पाण्याचा मग द्यायचा. आधी तिने पाणी बापाच्या डोक्यावर ओतायचं, हवं तेवढं, मगच त्याने तिच्या केसांना ओला हात लावायचा. काही दिवशी ते सगळं मुसळ केरात जायचं, भिंगरी किंचाळत सुटायची, शेजारी दार वाजवायचे आणि नवरा त्यांना ओल्या अंगानेच सामोरा जायचा. काही दिवशी अर्धे केस धुतले जायचे. अर्धे तर अर्धे.

आई बाहेर पलंगावर बसून ऐकायची. धावत जावंसं वाटायचं, जाता यायचं नाही, आणि कधी कधी ते बरंच वाटायचं. ताईशी आता तिचं जमत होतं. पण त्या बाकावर गेलेलं दीड वर्ष आठवलं की तळपायाची आग मस्तकात जायची. हेच, एवढंच, त्यांना पहिल्या दिवशी विचारता आलं नसतं?

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात आजोबांचा फोन आला. नातवाला काल तासभर कोंडल्यासारखं आत ठेवलं, हाका मारल्या तरी दार उघडलं नाही. मग म्हणाले, "मी म्हातारा माणूस, एकट्याने काय बोलू?"

न्हाणीघरात मगातून पाणी सांडत होतं आणि नवरा भिंगरीला सांगत होता, "थांब, थांब, नाकात गेलं माझ्या!"

तिने फोन खांद्याला दाबून धरला आणि कागद-पेन ओढून घेतलं.

"उद्या किती वाजता उघडतं ते केंद्र?" तिने विचारलं. "मी येते. आणि त्या बाकावरच्या दोघीतिघींचे नंबर असतील तर द्या मला. त्यांच्याशीही बोलायचंय, आणि गोड बोलणार नाहीये."